जीभ खरी कीं पर्जन्यमापक?

वैशाख सरत आला, घरांत लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडल्या, कीं त्या दोन दिवसांपुरता तरी आजीचा शब्द अखेरचा असे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. तिला फोड चाखून पाहण्याची गरज वाटत नसे. कैरी उतरविण्यापूर्वीं तिच्यावर वळवाचा पाऊस पडून गेला होता कीं काय, एवढेंच ती आणणाऱ्यास विचारी. आणि ‘हो, दोन सरी पडल्या होत्या’ असें उत्तर आलें, तर ‘मग ह्या फोडी भाद्रपदापर्यंत मऊ पडतील, मोठी बरणी काढूं नका’ असा तिचा निकाल होई. तरुण मंडळींस हा निकाल हट्टाचा वाटे. कारण त्यांनीं तेथल्या तेथें चाखलेली फोड चांगली करकरीत व आंबट असे. गौरी-गणपतींत बरणी उघडली म्हणजे कोणाचें खरें ठरे, तें सांगावयास नको.

ह्या आजीच्या रीतीनेंच फ्रान्स देशांतील द्राक्षमद्याचें भविष्य एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें वर्तविलें, तें आंकड्यांनीं मांडून दाखविलें, आणि त्यावरून त्या व्यापारांत मोठा गहजब उडाला. ती हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें, त्यांपैकीं बहुतेकांत द्राक्षांचा संबंध फळांच्या ताटाशीं, खिरींतल्या बेदाण्याशीं आणि फार तर वैद्यांच्या द्राक्षासवाशीं येतो, हें आम्ही जाणून आहों. मद्यपानाची भलावण करण्याचा हेतु आमच्या मनांत नाहीं. परंतु जाणत्याची जीभ आणि मोजणाऱ्याचें यंत्र यांच्यांत तंटा पडला असतां कोणावर विसंबावें, हा प्रश्न ज्या घरांत नाडी पाहणारे वैद्य आणि रक्त तपासणारे डॉक्टर दोघेहि येतात, त्या घरास परका वाटूं नये.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत गारोन नदीच्या कांठीं बोर्दो हें शहर आहे. गारोन व दोर्दोन्य ह्या दोन नद्या मिळून पुढें जिरोंदची खाडी होते, आणि नद्यांच्या व खाडीच्या दोन्ही अंगांस द्राक्षांच्या बागा पसरल्या आहेत. महासागर पश्चिमेस अगदीं जवळ, त्यामुळें हवा मोठी बेभरवशाची. मेर्लो व कॅबर्ने सोव्हिन्यों ह्या तेथील काळ्या द्राक्षांच्या मुख्य जाती. पैकीं दुसरी उशिरा पिकते. हिवाळाभर वेल निद्रिस्त असते, एप्रिलच्या सुमारास तिला फूट येते, जूनमध्यें फुलोरा, ऑगस्टमध्यें मण्यांत पाणी उतरतें (हा शब्द आमच्या नाशिककडील बागाईतदारांचा, आणि त्याहून चांगला आम्हांस ठाऊक नाहीं), आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पुढें तोडणी. नामांकित बागांना पाटाचें अगर मोटेचें पाणी देण्याची चाल तेथें नाहीं. वेलीनें आकाशांतून पडेल तें प्यावें आणि जमिनींत मुरलेलें शोधून काढावें. म्हणून बाग तीच, माती तीच, हात तेच असूनहि एका वर्षाचें मद्य अमृततुल्य म्हणून गाजतें आणि पुढल्याच वर्षाचें कोणी फुकट घेत नाहीं.

आतां ह्या मद्याची विक्री कशी होते तें पाहावें, कारण सगळ्या तंट्याचें मूळ तेथें आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरांत रस आंबविल्यावर तें मद्य ओकच्या लांकडाच्या पिंपांत सुमारें दीड-दोन वर्षें राहतें. परंतु पुढल्या वसंतांतच, म्हणजे तें सहा महिन्यांचें झालें न झालें तोंच, देशोदेशींचे परीक्षक व व्यापारी बोर्दोस जमतात, पिंपांतले चार थेंब जिभेवर घोळवितात, थुंकून टाकतात, आणि वर्ष कसें आहे याचा निकाल देतात. त्या निकालावर भाव ठरतो. गिऱ्हाइकानें पैसे तेव्हांच मोजावयाचे, बाटली हातीं पडावयाची ती दोन वर्षांनीं, आणि खरें पाहतां ती उघडावयाची आठ-दहा वर्षांनीं. सहा महिन्यांचें हें मद्य किती तुरट असतें म्हणून सांगावें? हिरडा चघळून ज्यानें पाहिला असेल त्यास कल्पना येईल. त्या तुरटपणाच्या पडद्याआड दहा वर्षांनीं प्रकट होणारी चव ओळखणें म्हणजे पाळण्यांतल्या मुलाच्या रडण्यावरून त्याच्या गवयीपणाची परीक्षा करणें होय. परीक्षक ती करितात, आणि गिऱ्हाईक पैसे देतें.

ऑर्ली ॲशेनफेल्टर हे प्रिन्स्टन विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे अध्यापक. कामगारांची मजुरी आणि शिक्षण हा त्यांचा मूळचा विषय. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांच्या प्रमुख नियतकालिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते. स्वतः बोर्दोचे शौकीन असल्यामुळें त्यांस साहजिकच प्रश्न पडला कीं, वर्षावर्षांतला हा फरक हवेमुळें पडतो असें जर सगळेच बागाईतदार म्हणतात, तर ती हवा मोजून फरक आधींच कां काढूं नये? हवेच्या नोंदी तर सरकारी दप्तरांत पडलेल्या, कोणासहि पाहतां येण्याजोग्या.

त्यांनीं केलें तें असें. १९५२ ते १९८० ह्या वर्षांचीं, नामांकित बागांचीं जुनीं मद्यें १९९०-९१ च्या सुमारास लंडनच्या लिलावांत काय भावानें गेलीं, हें त्यांनीं गोळा केलें. (१९५४ व १९५६ हीं दोन सालें वगळावीं लागलीं, तीं इतकीं वाईट निघालीं कीं त्यांच्या बाटल्या बाजारांत येईनाशा झाल्या होत्या.) राहिलीं सत्तावीस वर्षें. ह्या प्रत्येक वर्षाच्या भावापुढें त्यांनीं चार गोष्टी मांडल्या: मद्याचें वय, एप्रिल ते सप्टेंबर ह्या वाढीच्या महिन्यांचें सरासरी तापमान, ऑगस्ट व सप्टेंबर ह्या दोन महिन्यांचा पाऊस, आणि त्याआधींच्या ऑक्टोबर ते मार्चचा, म्हणजे हिवाळ्याचा पाऊस. मग गणितज्ञांच्या नेहमींच्या रीतीनें, ह्यांतील प्रत्येक गोष्टीचा भावावर किती भार पडतो, तें काढलें. नुसत्या वयावरून भावांतील चढउताराचा जेमतेम पांचवा हिस्सा उलगडत होता. हवेच्या तीन बाबी जोडतांच १०० पैकीं ८० हून अधिक हिस्सा उलगडला.

भार कसकसा निघाला, तें ज्यांना आंकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठीं देतों. ॲशेनफेल्टर यांनीं किंमतीच्या लघुगणकांत हिशेब मांडला आहे. आम्हीं तो घरगुती भाषेंत उतरवून घेतला. इतर गोष्टी समान धरल्या, तर उन्हाळी महिन्यांची सरासरी एक अंश सेंटिग्रेडनें वाढली कीं भाव सुमारें ८५ टक्क्यांनीं चढतो. ऑगस्ट-सप्टेंबरांत १०० मिलिमीटर पाऊस अधिक झाला कीं तो जवळजवळ एकतृतीयांशानें उतरतो. हिवाळ्यांत तितकाच पाऊस अधिक झाला तर मात्र १२ टक्के चढतो. आणि वयाच्या प्रत्येक वर्षामागें सव्वादोन-अडीच टक्के, म्हणजे रकमेवर व्याज चढावें तसा.

ह्यांत जादू कांहीं नाहीं. बोर्दो हा प्रदेश कॅबर्नेसारखें द्राक्ष पुरें पिकण्याच्या उत्तर सीमेजवळचा. तेथें त्या काळीं उष्मा हीच दुर्मिळ वस्तु होती. उष्म्यानें मण्यांत साखर चढते, आंबटपणा उतरतो, सालींत रंग भरतो. पाणी उतरल्यावर पाऊस आला तर मणी फुगतो, रस पातळ होतो, सालीस तडे जाऊन घडास कूज लागते, आणि घाबरलेला बागाईतदार कच्चेंच तोडून मोकळा होतो. हिवाळ्याचा पाऊस मात्र जमिनींत मुरून उन्हाळ्याची शिदोरी होतो. आजीच्या कैरीचेंहि शास्त्र ह्याहून फारसें निराळें नसावें.

एक उदाहरण दिल्यावांचून हा भाग सोडवत नाहीं. १९६१ सालीं बोर्दोचा उन्हाळा सरासरी १७·३ अंशांचा झाला, ऑगस्ट-सप्टेंबर मिळून पाऊस पडला अवघा ३८ मिलिमीटर, आणि आधींचा हिवाळा भरपूर ओला होता. चारच वर्षांनीं, १९६५ सालीं, सरासरी १५·४ अंशांपर्यंत घसरली आणि त्याच दोन महिन्यांत २६७ मिलिमीटर पाऊस कोसळला. ह्या आंकड्यांवरून सूत्र सांगतें कीं, १९६१ चें मद्य १९६५ च्या मद्याच्या अकरापटींहून थोडें अधिक महाग असावें. लंडनच्या बाजारांत तें प्रत्यक्ष नऊपटींहून थोडें अधिक महाग होतें. थोडें चुकलें खरें. पण ज्यानें थेंबहि चाखला नाहीं त्याचें हें चुकणें आहे! आणि १९६१ ची ती हवा त्याच वर्षाच्या सप्टेंबर अखेरीस कोणासहि ठाऊक होती. मद्य पिंपांत पडण्याआधीं, परीक्षकांनीं प्रवासाची तयारी करण्याआधीं कितीतरी दिवस.

१९९० च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रानें ही गोष्ट छापली आणि वादळ उठलें. त्या वेळीं मद्यपरीक्षणांत रॉबर्ट पार्कर ह्या अमेरिकन गृहस्थाचा दबदबा होता. हे मूळचे वकील. १९७८ मध्यें त्यांनीं आपलें परीक्षणपत्र काढलें, शंभरांपैकीं गुण देण्याची पद्धत रूढ केली, आणि १९८२ च्या बोर्दोविषयीं इतर कांहीं परीक्षक साशंक असतां त्यांनीं निःसंदिग्ध स्तुति करून नांव मिळविलें. ती त्यांची स्तुति खरी ठरली होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पार्कर यांनीं ह्या सूत्राची यथेच्छ टर उडविली. चित्रपट न पाहतां, नट आणि दिग्दर्शक यांच्या नांवांवरून परीक्षण लिहिणाऱ्यासारखा हा मनुष्य आहे, असा त्यांच्या टीकेचा मतितार्थ होता.

टोला चांगला आहे. पण थोडा विचार केल्यास तो मारणाऱ्याकडेच परततो. ज्या दिग्दर्शकाचे सत्तावीस बोलपट आपण पाहिले, त्याच्या अठ्ठाविसाव्याविषयीं कांहींच अंदाज बांधतां येऊं नये काय? आणि पिंपांतल्या सहा महिन्यांच्या मद्याची परीक्षा म्हणजे तरी पुरा चित्रपट पाहणें कोठें आहे? तिला फार तर तालमींतला एक प्रवेश पाहिल्याची उपमा शोभेल.

प्रत्यक्ष काय घडलें? ॲशेनफेल्टर यांनीं सांगितलें होतें कीं, १९८९ चें मद्य शतकांतील उत्तमोत्तमांपैकीं ठरेल. तें मद्य पिंपांत जाऊन तेव्हां कांहीं महिनेच लोटले होते. पाठोपाठ, १९९० चें त्याहूनहि सरस, असें ते म्हणाले. लागोपाठ दोन वर्षें असामान्य निघावीं हें म्हणणें त्या व्यापारांत कोणी धजावून केलें नसतें. दोन्ही वर्षें खरोखरच थोर ठरलीं.

परंतु सूत्राच्या अभिमान्यांस न रुचणारी गोष्टहि आम्हीं झांकून ठेवणें बरें नव्हे. १९८६ साल त्यांनीं सामान्य ठरविलें होतें आणि पार्कर यांनीं वाखाणलें होतें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या उत्तरार्धांत बोर्दोवर मुसळधार पाऊस झाला. सूत्रानें तो इमानानें वजा धरला. पण खाडीच्या डाव्या अंगाच्या मेदोक भागांत, जेथें उशिरा पिकणारें कॅबर्ने अधिक, तेथें कांहीं बागाईतदार त्या पावसांतहि थांबून राहिले, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेंत त्यांनीं तोडणी केली, आणि त्यांचें मद्य पुढें दीर्घायुषी व मानाचें ठरलें. मूतोंच्या मद्यास तर पार्कर यांनीं शंभरपैकीं शंभर गुण दिले. पर्जन्यमापक पाऊस किती पडला तें सांगतो. तो पडत असतां कोण धीर धरून बसला, तें सांगत नाहीं. दोन महिन्यांचा पाऊस एका बेरजेंत घातला म्हणजे ऑगस्टची झड आणि तोडणीच्या तोंडावरची झड यांतला भेदहि पुसला जातो. पार्कर यांची जीभ येथें जिंकली असें आम्ही मानतों.

मात्र ह्या सबंध वादांत एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं पुरेशी बोलून दाखविली नाहीं, असें आम्हांस वाटतें. सूत्राच्या एका अंगास हवा आहे, पण दुसऱ्या अंगास काय आहे? किंमत. आणि तीस वर्षांच्या जुन्या बाटलीची किंमत कोण ठरवितो? ज्यांनीं त्या वर्षाच्या बाटल्या उघडल्या, मित्रांस पाजल्या, चांगल्या लागल्या म्हणून पुन्हां मागविल्या किंवा तोंड वांकडें करून उरलेल्या विकून टाकल्या, अशा शेंकडों लोकांच्या जिभा. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं बोर्दोच्या दलालांनीं बागांच्या ज्या पायऱ्या लावून दिल्या, त्याहि अशाच भावांवरून लावल्या होत्या. आणि त्या थोड्याफार फरकानें अद्याप चालू आहेत. म्हणजे सूत्रांत जीभ नाहीं असें नाहीं. ती आहे, पण एकाची नसून पुष्कळांची, आणि कच्च्या मद्याची नसून पिकलेल्याची. ॲशेनफेल्टर यांचा विरोध रसिकतेशीं नव्हता. अकाली दिलेल्या निकालाशीं होता. त्यांनीं हेंहि दाखवून दिलें कीं, वाईट हवेच्या वर्षाचें मद्य नवें असतांना वाजवीहून चढ्या भावानें विकलें जातें, आणि जसजसें तें जुनें होत जातें तसतसा त्याचा भाव उतरत उतरत हवेनें सांगितलेल्या जागीं येऊन बसतो. मधल्या दहा वर्षांत तें तळघरांत जपून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचें नुकसान झालेलें असतें. विकणाऱ्याचे पैसे मात्र पहिल्याच वर्षीं वसूल झालेले असतात.

हवेवरून भविष्य सांगण्याची हांव आपल्याकडे काय कमी आहे? वराहमिहिरांच्या बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणें दिलीं आहेत, आणि गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनीं त्याचा पाऊस पडतो असा स्पष्ट नियम सांगितला आहे. आम्हांस त्या नियमाचें कौतुक वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, तो दिवस मोजून पडताळतां येण्याजोगा आहे. दोष असेल तर मागाहून आलेल्यांचा. त्यांनीं नियम पाठ केला, पण कोणत्या वर्षीं खरा ठरला व कोणत्या वर्षीं खोटा, याचें टिपण ठेवलें नाहीं. पाडव्यास वाचलेलें संवत्सरफल दिवाळीस पुन्हां काढून ताडून पाहणारें घर आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं.

टिपण ठेवणारे फ्रान्समध्यें निघाले, तेहि शास्त्रज्ञ नव्हते. बर्गंडी प्रांतांतील बोन ह्या गांवीं द्राक्षांची तोडणी कोणत्या दिवशीं सुरू करावयाची हें गांवचे लोक बैठक घेऊन ठरवीत, आणि तें दप्तरीं लिहिलें जाई. मजुरीचे हिशेबहि राहिले. त्यांवरून संशोधकांनीं १३५४ पासून २०१८ पर्यंतच्या तोडणीच्या तारखांची माला जुळविली आणि ती २०१९ सालीं प्रसिद्ध केली. उष्ण वर्षीं तोडणी लवकर, थंड वर्षीं उशिरा. म्हणून ही माला म्हणजे साडेसहाशें वर्षांचें उष्णतामापकच झालें, आणि तेंहि उष्णतामापक यंत्राचा शोध लागण्याच्या अडीचशें वर्षें आधींपासूनचें. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा: १९८८ पासून पुढें तोडणी पूर्वींच्या मानानें सरासरी तेरा दिवस आधीं होऊं लागली आहे. आणखी एक गोष्ट २०१६ सालच्या एका अभ्यासांत दिसून आली. पूर्वीं फ्रान्समध्यें तोडणी लवकर यावयाची तर दुष्काळी, कोरडा उन्हाळा असावा लागे, कारण ओल्या जमिनीवरची हवा तापत नाहीं. १९८० नंतर मात्र दुष्काळ नसतांनाहि ती लवकर येऊं लागली. हवेच्या घटकांचा जुना परस्परसंबंधच सैल पडला.

आणि येथें सूत्राच्या पायाखालची जमीन हलते. ॲशेनफेल्टर यांचीं सत्तावीस वर्षें सुमारें १५ ते पावणेअठरा अंशांच्या सरासरीचीं होतीं. तेवढ्या पट्ट्यांत ‘जितकें ऊन तितकें उत्तम’ हें खरें होतें. सूत्र सरळ रेषेचें. त्यास थांबणें ठाऊक नाहीं. पाकाखालीं जाळ वाढविला कीं तार लवकर येते म्हणून आणखी जाळ घातला, तर पाक करपतो, हें कोणाहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं. पण ज्यानें पाक एकतारीपर्यंतच आलेला पाहिला आहे त्यानें करपण्याचा नियम कोठून काढावा? २००३ चा उन्हाळा फ्रान्समध्यें इतका भयंकर तापला कीं हजारों वृद्ध माणसें दगावलीं. सूत्राप्रमाणें त्या वर्षाचें मद्य शतकांत अद्वितीय निघावयास हवें होतें. प्रत्यक्षांत कांहीं बागांचें चांगलें साधलें, पुष्कळांचें बोजड झालें. साखर भरभर चढली, आंबटपणा गळाला, आणि साल व बी पिकण्यास वेळच मिळाला नाहीं. बोर्दोचे लोक ह्याकडे डोळेझांक करून बसलेले नाहींत. जुन्या जातींविषयीं इतकी कर्मठ असलेली ही मंडळी, पण २०२१ सालीं तेथें सहा नव्या जातींची लागवड करण्यास मान्यता मिळाली, आणि त्यांत पोर्तुगालकडील तुरिगा नासिओनाल ही उष्ण प्रदेशांतील जातहि आहे.

जुन्या नोंदींवरून बांधलेलें सूत्र नव्या हवेंत कसें फसतें, याचा दाखला आपल्या पुण्यासच घडलेला आहे. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ पर्यंत हिंदुस्थानांतील वेधशाळांचे प्रमुख होते. मोसमी पाऊस आणि दूरदेशींचा वायुभार यांचा संबंध गणितानें जोडून पावसाचें भाकीत करण्याची रीत त्यांनीं घातली. पुढें वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखालीं सोळा घटकांचें सूत्र तयार झालें आणि १९८८ पासून त्यावरून भाकितें निघूं लागलीं. तेरा-चौदा वर्षें तें बरें चाललें. मग २००२ सालीं सूत्र म्हणालें, सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के. जुलै महिना कोरडा गेला, पेरण्या वाळल्या. दुसऱ्याच वर्षीं हवामानखात्यानें तें सूत्र बाजूस ठेवून नवें घेतलें. कांहीं लोकांनीं तेव्हां गोवारीकरांची थट्टा केली, ती आम्हांस त्या वेळींहि आवडली नव्हती. जें चुकल्याचें टक्क्यांनिशीं दाखवितां येतें, त्यानें निदान आपली मान तरी पुढें केलेली असते.

नाशिकच्या बागाईतदारांनीं बोर्दोचें सूत्र उचलून आणावें काय, असें आम्हांस एका वाचकांनीं विचारलें आहे, आणि आजच्या लेखाचें निमित्तहि तेंच. आपल्याकडे द्राक्षापासून मद्य करण्याचा धंदा १९८० नंतर नारायणगांवास आणि शतकाच्या अखेरीस नाशिकास रुजला. पण आपली वेल हिवाळ्यांत निजतच नाहीं. तिची छाटणी वर्षांतून दोनदां: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरतांना गोडी छाटणी. फळ धरतें तें दुसऱ्या छाटणीवर, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे ज्या ऑक्टोबर ते मार्चच्या पावसास बोर्दोच्या सूत्रांत बेरीज मिळते, तोच पाऊस नाशिकास फुलोऱ्यांत आला तर गळ व केवडा आणतो, आणि पिकत्या घडांवर आला तर मणी तडकवितो. त्याचें चिन्ह उलटें करावें लागेल. ज्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसास बोर्दोंत वजाबाकी, त्या वेळीं नाशिकच्या वेलीवर घडच नसतात. उष्म्याची तर आपल्यास वाण नाहीं. येथें मोजावयाची ती पौष-माघांतली रात्रीची थंडी, जिच्यामुळें मण्यांतला आंबटपणा टिकतो. तेव्हां सूत्र उसनें घेऊन चालणार नाहीं, आपलें निराळें बांधावें लागेल. आणि त्याची हवेची बाजू भरून काढणें फारसें कठीण नाहीं, कारण हवेची नोंद ठेवणारीं यंत्रें आतां पुष्कळ बागांतून उभीं आहेत. अडचण आहे ती दुसऱ्या बाजूची. वीस-तीस वर्षें जपून ठेवलेल्या नाशिकच्या बाटल्या वर्षवार मांडून लिलांवांत विकल्या जात आहेत, असा बाजार येथें नाहीं. इकडील मद्य बहुतेक नवें असतांनाच पिऊन टाकतात. कोणतें साल चांगलें निघालें हें ज्यावरून ठरवावयाचें, तो रकानाच कोरा आहे. ज्या बागाईतदारांस सूत्र हवें असेल त्यांनीं प्रत्येक सालच्या दोन-चार पेट्या तळघरांत बाजूस ठेवून त्यांवर छाटणीची व तोडणीची तारीख लिहून ठेवावी, एवढेंच आम्ही तूर्त त्या वाचकांस सांगूं शकतों.